दुबईच्या हॉटेलात नोकरी : आधी कागद, मग पैसे

पुण्याच्या मार्केट यार्डात माल घातला की आपण हिशोबपट्टी घेतल्याशिवाय निघत नाही. आडत्याकडे बाजार समितीचा परवाना लागतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. घरातलं कोणी दुबईला वेटरच्या कामाला निघालं, तर एजंटलाही हेच विचारू या.

परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्यानं सरकारी नोंदणी सक्तीची आहे. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर ती तपासता येते. त्याचं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, तेही पावती घेऊनच द्यायचं.

मग व्हिसाचा खर्च कोणाचा? २०१६ पासून आपल्याकडे भाजीपाल्याची आडत शेतकऱ्यानं नाही, खरेदीदारानं द्यायची असते. तसंच, भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकानं करायचा, असा दुबईचा कायदा आहे.

“आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं बदलून घेऊ,” असं कोणी म्हणालं, तर तिथंच थांबा. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पगार बुडाला तर दाद मागणंही अवघड होतं.

करारात हॉटेलचं नाव, पगार, कामाचे तास, सुट्टी, राहणं-जेवण लिहिलेलं हवं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर अशी नोंद असते. त्यांना आखातात नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते, आणि बाईचं वय ३० पूर्ण असावं लागतं.

यासाठी गटाकडे कोणी कर्ज मागितलं, तर बैठकीत आधी हे कागद मोठ्यानं वाचू या.