ठोकर बसलेली पिकअप पुन्हा वाडीवर



मागील अंकात ‘पिकअप बंद असल्याने दोन आरोग्य फेऱ्या रद्द कराव्या लागल्या’ अशी छोटी सूचना आली होती. ती वाचून अनेकांनी गाडीला काय झाले, एवढे दिवस का लागले, असे विचारले. संस्थेच्या गाड्यांची देखभाल माझ्याकडे असते, म्हणून उत्तर मीच लिहितो. आपल्यापैकी कित्येकांच्या दारात जुनी पिकअप, जीप किंवा छोटा टेंपो उभा असतो. अशी गाडी पुढून धडकली तर घरी काय करता येते आणि काय करू नये, हेही त्या निमित्ताने सांगतो.

ही गाडी मूळची शिरोळ तालुक्यातलीच. दूध गोळा करण्यासाठी वापरात होती. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात ती काही दिवस पाण्यात राहिली आणि पुढे मालकाने ती आपल्या कामाला देऊन टाकली. तेव्हापासून ती रायगडच्या कातकरी वाड्यांवर औषधे, धान्य, शाळेची पुस्तके आणि वेळप्रसंगी बाळंतीण बाईलाही नेते-आणते. वर्षातून एकदा ती इकडे नृसिंहवाडीला येते. परिसरातील दाते गूळ, तांदूळ, कपडे देतात, ते भरून परत जाते.

यंदा जानेवारीत ती येत असताना शिरोळच्या अलीकडे रात्री साडेआठच्या सुमारास उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दिवा नाही, लाल परावर्तक पट्टी नाही, आणि उसाचे वाढे मागे लोंबलेले. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला आणि आमच्या चालकाला ट्रॉली दिसली ती अगदी शेवटच्या क्षणी. त्याने सीटबेल्ट लावला होता, म्हणून छातीवर मुका मार बसण्यावर निभावले. चालक हा वाडीवरचाच तरुण. दवाखान्यातून आल्यावर त्याने पहिला प्रश्न केला, “काका, आता औषधं कशी जाणार?”

हात लावण्यापूर्वी

अपघात झाला की पहिली काळजी माणसांची, नंतर पोलिसांना कळवणे. गाडी जागेवर असतानाच चारही बाजूंनी फोटो काढा. विमा कंपनीला कळवण्याआधी एकही बोल्ट सैल करू नका. उघडलेल्या गाडीची पाहणी नीट होत नाही आणि दावा अडकतो. आमचा विमा फक्त त्रयस्थ पक्षाचा होता. कायद्याने तेवढा सक्तीचा असतो, पण त्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही. म्हणून खर्च आपलाच होता, आणि जमेल तेवढे काम घरी करायचे ठरले.

गाडी माझ्या अंगणातल्या कोब्यावर आणली. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवली. धडकेत वायरिंग चेपलेले असते, एखादी उघडी तार पत्र्याला लागली तर आग लागते. मग फुटलेल्या रेडिएटरखाली घमेले ठेवून उरलेले कूलंट त्यात घेतले. हे पाणी चवीला गोडसर आणि विषारी असते. कुत्री, वासरे ते चाटतात आणि मरतात. ते गटारात किंवा अंगणात सोडू नका.

गाडी उचलायला जॅक आणि उभी ठेवायला लोखंडी घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये. विटा किंवा दगडही नकोत. वीट आधी सूचना देत नाही, एकदम फुटते.

आधी टेप, मग हातोडा

आमच्या पिकअपची चासी शिडीसारखी आहे. दोन लांब लोखंडी चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. केबिन आणि मागचा हौदा या शिडीवर बोल्टने बसवलेला असतो. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, त्या जीपची बांधणीही अशीच होती. म्हणूनच अशी गाडी भाग सुटे करून दुरुस्त करता येते. पण ही शिडीच वाकडी झाली असेल तर वरचा पत्रा कितीही सरळ करा, गाडी सरळ धावत नाही.

वाकडेपणा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो मोजावा लागतो. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा, खडू आणि टेप पुरते. घराचा पाया आखताना गवंडी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजतो. कर्ण सारखे आले तर चौकोन काटकोनात आहे. चासीचेही तसेच. गाडी चार घोड्यांवर समपातळीत उभी केली. डाव्या आणि उजव्या चॅनेलवरची जोडीची ठिकाणे निवडली: पुढच्या पाट्यांचे हँगर, केबिनमागच्या आडव्या तुकड्याचे बोल्ट आणि मागच्या पाट्यांचे हँगर. प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडून खाली कोब्यावर खडूची फुली मारली. मग फुल्यांमधले कर्ण मोजले.

मागच्या अर्ध्या भागाचे कर्ण सारखे निघाले. पुढच्या भागात मात्र 14 मिलीमीटरचा फरक होता. म्हणजे चासीचे डावे टोक मागे आणि आत दबले होते, पण बिघाड केबिनच्या पुढेच थांबला होता. हे कळले तेव्हा जीव भांड्यात पडला.

दुसरे मोजमाप चाकांचे. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजले. डावीकडे ते 22 मिलीमीटर कमी भरले. चासी 14 नी चुकली आणि चाक 22 नी, तर उरलेला फरक कुठला? पाट्यांखाली हात घातल्यावर उत्तर मिळाले. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला होता. या बोल्टचे डोके एक्सलच्या खाचेत बसते आणि एक्सलला जागेवर ठेवते. तो तुटला की यू-बोल्ट घट्ट असले तरी एक्सल मागे सरकतो. धडकेनंतर गाडी एका बाजूला ओढत असेल तर हा बोल्ट जरूर पाहा.

झाडाला बांधून ओढू नका

चासी वाकली आहे हे कळताच शेजारचे एक बागायतदार म्हणाले, “आण्णा, त्यात काय अवघड हाय? टोक गॅसनं लाल करा, गाडी लिंबाला बांधा, मी ट्रॅक्टरनं वढतो. अर्ध्या तासाचं काम.”

मी नको म्हणालो. त्यांना वाटले, म्हातारा उगाच घाबरतो. घाबरण्याचे कारण मला माहीत होते. एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात मी नोकरीला होतो. तरुणपणी घाई होती म्हणून एका जीपचा वाकलेला टाय रॉड मी गॅसवर तापवून, ऐरणीवर ठोकून सरळ केला. दिसायला नवा दिसत होता. चार महिन्यांनी तो कारखान्याच्या आवारातच, जीप वळत असताना तुटला. वेग कमी होता, जीप कुंपणाला टेकून थांबली आणि कुणाला लागले नाही. तीच जीप आदल्या दिवशी आंबा घाट उतरून आली होती. ती गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

लोखंड लाल करून वाकवले की ते मऊ पडते आणि त्याची मूळ ताकद राहत नाही. शिवाय ट्रॅक्टरने हिसका देऊन ओढताना साखळी तुटली तर ती गोळीसारखी येते. म्हणून चासी ओढण्याचे काम मी घरी केले नाही. गाडी ट्रकवर चढवून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेली. तिथे चासी बांधून, धडकेच्या उलट दिशेने, हायड्रॉलिक जॅकने थोडी थोडी ओढतात. ओढायची, सोडायची, मोजायची. लोखंड थोडे परत येते, म्हणून किंचित जास्त ओढावे लागते. शेवटी फरक 2 मिलीमीटरवर आला. मग रिव्हेट आणि भोकांभोवती तडे गेलेत का, ते रंग खरवडून पाहिले. स्टिअरिंग बॉक्स बसतो त्या जागी तडा सापडला असता तर ही गाडी मी भंगारातच काढली असती.

चासी क्रमांक चॅनेलवर कोरलेला असतो, त्या जागी ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावू नये. आणि चासीच बदलायची असेल तर आरटीओची परवानगी लागते.

पुराने ठेवलेला गंज

चासी मोकळी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. चॅनेलच्या आत कृष्णेचा गाळ अजून होता, वाळून घट्ट झालेला. गाळ ओल धरतो आणि लोखंड आतून खातो. छोट्या हातोडीने चॅनेलवर टकटक करत गेलो. चांगले लोखंड खणखणते, खाल्लेले बद्द वाजते. दोन आडव्या तुकड्यांचा आवाज बद्द आला आणि स्क्रू-ड्रायव्हर दाबताच आरपार गेला. ते तुकडे नवे घातले. सगळा गाळ पाण्याच्या जोराने धुऊन, पुरते वाळवून जस्तयुक्त प्रायमर मारला आणि पाणी निघायची भोके मोकळी केली.

नदीकाठच्या वाचकांना एवढेच सांगेन: पुरातून निघालेली गाडी वरून स्वच्छ दिसली तरी चासी आतून धुऊन घ्या. गिअर आणि डिफरन्शियलचे ऑइलही काढून पाहा. ते दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी आहे.

काय सरळ करायचे, काय बदलायचे

माझा नियम सोपा आहे. जे नुसते झाकते ते सरळ करावे, जे वळवते किंवा थांबवते ते बदलावे.

बोनेट, मडगार्ड, जाळी हे झाकणारे भाग. आम्ही ते लाकडी ठोकळा आणि हातोडीने, काठाकडून मध्याकडे हळूहळू ठोकून सरळ केले. डावा मडगार्ड भंगार बाजारातून आणला. बोनेटचा पत्रा अजून थोडा लाटेसारखा दिसतो, पण त्याने काही अडत नाही.

टाय रॉड, त्याचे बॉल जॉइंट, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि डाव्या चाकाचा ब्रेकचा पाइप मात्र नवे घातले. बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असतो, तो त्याच्या ताकदीचा. मूळ बोल्टवर जो आकडा असेल त्यापेक्षा कमीचा वापरू नये. बॉल जॉइंटच्या नटातली स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवीच घालावी. ब्रेकचे ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून उघड्या डब्यातले न वापरता नवे भरले आणि लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली.

रेडिएटर जुन्या पद्धतीचा, तांब्या-पितळेचा असल्याने डाग देऊन दुरुस्त झाला. अॅल्युमिनियमचा आणि प्लास्टिकच्या टाकीचा असता तर बदलावाच लागला असता. गळती शोधायची रीत सायकलच्या पंक्चरची: तोंडे बंद करून, बेताची हवा भरून पाण्यात बुडवायचा, बुडबुडे येतील तिथे छिद्र. पंख्याचे एक पाते चिरले होते. पंखा पूर्ण बदलला, कारण तोल गेलेला पंखा वॉटर पंपाचे बेअरिंग खातो.

पुढे जाड पाइपचा गार्ड लावा, असाही सल्ला मिळाला. 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले आहे. कारणही पटण्यासारखे आहे. गार्ड धडकेचा जोर थेट चासीत नेतो आणि समोर माणूस आला तर त्याला अधिक इजा होते.

दिवे आणि पहिली फेरी

दिवे लावताना गाडी भिंतीपासून 10 मीटरवर सपाट जागी उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली. डिपर दिव्याचा वरचा काठ त्या रेघेच्या साधारण 10 सेंटीमीटर खाली आला पाहिजे. त्याहून वर असेल तर समोरच्याचे डोळे दिपतात. आमचा अपघात तशाच एका दिव्याने झाला होता, म्हणून यावर एक संध्याकाळ घालवली.

पहिली फेरी पहाटे, रिकाम्या गाडीने, कुरुंदवाडपर्यंत. चालकाला सांगितले, स्टिअरिंग सैल धर आणि गाडी कुठे जाते बघ. ती सरळ गेली. परत आल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले. नवे यू-बोल्ट भार पडल्यावर थोडे बसतात, त्यामुळे काही दिवसांनी परत आवळावे लागतात. मग व्हील अलाइनमेंट करून घेतले.

या पाच आठवड्यांत आमचा चालक माझ्याबरोबर रोज गाडीखाली होता. शेवटच्या दिवशी ओळंबा सोडून मोजमाप त्यानेच घेतले, मी फक्त आकडे लिहिले. जाताना तो ओळंबा त्याने मागून घेतला. “काका, वाडीवर घरकुलांचा पाया आखायचाय, तिथंही चालेल,” म्हणाला.

गूळ-तांदूळ भरून गाडी वाडीवर पोहोचली आणि आरोग्य फेऱ्या सुरू झाल्या आहेत. ज्यांनी भागांसाठी मदत पाठवली, त्यांचा मी ऋणी आहे. आता एक विनंती. पुढच्या गळीत हंगामात लाल परावर्तक पट्टीची एक गुंडाळी घरात आणून ठेवा. रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी दिसली तर चालकाशी दोन शब्द गोडीने बोलून हातभर पट्टी तिच्या पाठीला चिकटवा. ते काम दोन मिनिटांत होते. आम्हाला पाच आठवडे लागले.