खुडूक कोंबडी आणि चंद्रपूरचा उन्हाळा

रोज अंडे देणारी कोंबडी एके दिवशी खुराड्यातून उठेनाशी होते. जवळ गेले की पिसे फुलवून गुरगुरते, हात घातला तर चोच मारते. ही आजाराची लक्षणे नव्हेत, ती खुडूक झालेली असते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, अंडी देणे थांबते आणि पोटावरची पिसे विरळ होऊन कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळू लागते. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींतून हा गुण निवडीने जवळपास नाहीसा करण्यात आला. गावरान कोंबडीत तो टिकून आहे. ऊर्जानगर, दुर्गापूर भागात परसात चार-दोन कोंबड्या पाळणाऱ्याला म्हणूनच उबवणी यंत्राची गरज नाही.

अडचण आहे ती इथल्या उन्हाळ्याची. फलित अंडे बाहेर येते तेव्हा त्यातील गर्भाची वाढ सुरू झालेली असते. अंडे थंड झाले की ती थांबते. तापमान विशीच्या वर बरेच गेले, की कोंबडी न बसताही ती संथपणे, वेडीवाकडी पुन्हा सुरू होते आणि असा गर्भ बहुधा दगावतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो, रात्रीही घर गार होत नाही. अशा दिवसांत आठवडाभर टोपलीत साठवलेली अंडी कोंबडीखाली ठेवली आणि पिल्ले निघाली नाहीत, तर दोष कोंबडीचा नसतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात बसवायचेच असेल, तर तीन-चार दिवसांतलीच अंडी घ्यावीत आणि तोवर ती ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. फ्रिज मात्र फार थंड पडतो.

एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. ती स्वतःच अंडी फिरवते, दिवसातून एकदा खायला-प्यायला उठते. दाणापाणी जवळ, सावलीत हवे. उवा, पिसवा होऊ नयेत म्हणून टोपलीत चुलीतली लाकडाची राख टाकावी. वीज केंद्राची राख फुकट मिळत असली तरी ती कोळशाची, तिच्यात जड धातूंचे अंश असतात. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चसमोर अंडे धरले की आतल्या शिरांचे जाळे दिसते. स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाकावीत.

२१ व्या दिवशी पिल्ले निघतात. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ती दोन दिवस काढू शकतात, त्यामुळे उरलेली अंडी फुटेपर्यंत आई बसून राहिली तरी घाबरायचे कारण नाही. खरा धोका राणीखेतचा, म्हणजे मानमोडीचा. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा. लसीच्या एका कुपीत बऱ्याच पक्ष्यांचे डोस असतात आणि उघडलेली कुपी टिकत नाही. शेजाऱ्यांनी एकाच दिवशी लसीकरण केले तर परवडते. पिल्ले हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत, साल्मोनेला जिवाणू धडधाकट पिल्लांतही असू शकतात.

आणि बिबट्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या आणि लगोलग दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात दोघांचे जीव गेले. कोंबड्यांच्या वासाने बिबट्या वस्तीत शिरतो. टोपलीखाली झाकलेली कोंबडी त्याला सहज मिळते. खुराडे घराच्या भिंतीला लागून, जाड जाळीचे आणि कडीकुलपाचे असावे, वाया गेलेली अंडी दूर खोल पुरावीत, आणि रात्री कोंबडी ओरडली तरी मुलांना बघायला पाठवू नये.