बर्फ न पडणारा महाराष्ट्र बर्फावरच्या शर्यती कशा जिंकतो?

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्टा गावात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे बर्फ दिसतो तो रसवंतीवर नाहीतर लग्नाच्या मांडवात. हट्ट्याचंच कशाला, महाराष्ट्रात कुठेच हिमवर्षाव होत नाही. तरीही २०२४ च्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धेत लष्कर आणि कर्नाटक यांच्यानंतर महाराष्ट्र तिसरा आला. स्पर्धेचा लडाखमधला टप्पा संपला तेव्हा तर पदकतालिकेत महाराष्ट्र सगळ्यांच्या पुढे होता. हे कसं घडलं?

पदकं कोणत्या खेळात मिळाली?

ही स्पर्धा लेह आणि गुलमर्ग अशा दोन ठिकाणी झाली. गुलमर्गला डोंगरउतारावरचे खेळ होते, तर लेहला आइस हॉकी आणि आइस स्केटिंग. महाराष्ट्राची मुख्य कमाई आइस स्केटिंगमधली आहे. त्याचं मूळ पुणे-मुंबईच्या रोलर स्केटिंगच्या ट्रॅकवर सापडतं. सकाळी शाळेआधी चाकांचे बूट घालून फेऱ्या मारणारी मुलं या शहरांत नवी नाहीत. त्यातलीच काही पुढे बर्फाकडे वळली.

चाकांवरच्या खेळातही मराठी मुलं मागे नाहीत. २०२३ मध्ये हांगचौ इथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. त्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते.

चाकांवरचा सराव बर्फावर कसा उपयोगी पडतो?

धावताना आपण पाय मागे रेटतो. स्केटिंगमध्ये पाय बाजूला रेटावा लागतो. गुडघे वाकलेले, पाठ जमिनीला जवळपास समांतर आणि सगळं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर. चाकं असोत की पातं, शरीराची ही ठेवण सारखीच असते. मांड्यांची ताकद, तोल आणि वळणावर एक पाय दुसऱ्यावरून टाकण्याची सवय चाकांवरही कमावता येते.

मग फरक कुठे पडतो?

चाक रस्त्याला धरून राहतं, बर्फ तसा आधार देत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर अतिशय पातळ, ओलसर थर असतो आणि त्यावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं पातं सरकतं. पकड मिळते ती फक्त पात्याच्या धारेची. ‘शॉर्ट ट्रॅक’ शर्यतीची एक फेरी अवघी १११.१२ मीटरची असते, त्यामुळे वळणं लगेच येतात. खेळाडू इतका आत झुकतो, की त्याचा डावा हात बर्फाला टेकतो. धारेवरचा हा विश्वास चाकांवर शिकता येत नाही. त्यासाठी बर्फच लागतो.

इतर उष्ण देशांनी काय केलं?

बर्फ नसेल तिथे चाक, हा मार्ग जगभर वापरला गेला आहे. जमैकाचा बॉबस्लेड संघ १९८८ च्या कॅल्गरी ऑलिम्पिकमध्ये उतरला. बेटावरच्या हातगाड्यांच्या शर्यती पाहून ती कल्पना सुचली होती. अमेरिका काही उष्ण देश नाही, पण तिथल्या फ्लोरिडा राज्यातलं ओकाला हे गरम हवेचं गाव आहे. तिथली एरिन जॅक्सन रोलर स्केटर होती. बर्फावर जेमतेम चार महिन्यांचा सराव करून ती २०१८ च्या ऑलिम्पिकला पात्र ठरली आणि २०२२ मध्ये तिने ५०० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं.

भारतात शिवा केशवन याने हिमाचलच्या घाटरस्त्यांवर, वाहनांच्या वर्दळीतून, चाकं लावलेल्या ल्यूजवर सराव केला. १९९८ ते २०१८ या काळात तो सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळला. भारताला मात्र हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अजून एकही पदक मिळालेलं नाही.

गाडी अडते कुठे?

ती हवामानावर अडत नाही. कृत्रिम रिंकच्या जमिनीखाली नळ्यांचं जाळं असतं. त्यातून गोठणबिंदूच्या खाली थंड केलेला द्रव फिरतो आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवतात. बाहेर चाळीस अंश असले तरी आत शर्यत होऊ शकते. प्रश्न बांधणीचा, वीजबिलाचा आणि रोजच्या देखभालीचा आहे.

देहरादूनचं उदाहरण बोलकं आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी तिथे मोठा रिंक बांधला गेला आणि नंतर तो अनेक वर्षं बंद पडून राहिला. २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्पर्धाही झाली. मधल्या काळात जे खेळाडू ऐन उमेदीत होते, त्यांची वर्षं मात्र परत येणार नाहीत. लेहचा नैसर्गिक बर्फ हिवाळ्यातले थोडे आठवडेच टिकतो. म्हणून परवडेल तो परदेशात जाऊन सराव करतो. अहमदाबादचा विश्वराज जाडेजा असाच नेदरलँड्सला गेला. परवडत नाही त्याच्यासाठी चाकं हाच सराव.

हट्ट्याच्या मुलांना यातून काय मिळेल?

हट्ट्याहून लेह सरळ रेषेतही दीड हजार किलोमीटरहून लांब आहे. पण या खेळाची पहिली पायरी लेहला नाही. ती सपाट, गुळगुळीत सिमेंटच्या ट्रॅकवर आणि शिकवणाऱ्या माणसापाशी आहे. असा ट्रॅक तालुक्याच्या ठिकाणी बांधणं बर्फाचा रिंक चालवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. आज ती पायरी बहुतेक करून मोठ्या शहरांत आहे, म्हणून पदकंही तिथलीच मुलं आणतात. वसमतला असा ट्रॅक झाला, तर हट्ट्याच्या मुलीला निदान सुरुवात तरी घराजवळ करता येईल. पुढे बर्फावर पोहोचण्यासाठी मात्र देशात बारमाही चालणारे रिंक लागतील. या दोन्हींपैकी एक जरी नसलं, तरी महाराष्ट्राची पदकं देशातल्या स्पर्धांपुरतीच राहतील.