झाडांच्या सभेतही बाई नाही!

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची पुतणी परवा जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही जाडजूड कादंबरी घेऊन आली. १९५४-५५ साली तीन खंडांत निघालेली ही अद्भुतकथा. तिच्यावरचे २००१ ते २००३ मधले चित्रपट आपल्या पोरांनीही पाहिले आहेत. पुतणी म्हणाली, "काका, जगाचा निकाल ज्या सभेत लागतो, तिथे बाई किती बोलते ते बघा." आम्ही वाचले. एकही बाई बोलत नाही.

सभा एल्रॉन्डच्या घरी भरते. दुष्ट अंगठी नष्ट करायला नऊ जण निवडले जातात. त्यांत माणसे, बुटके, हॉबिट, एल्फ, जादूगार असे सगळे आहेत. जमातींचे प्रतिनिधित्व चोख, स्त्रियांचे शून्य!

आम्ही टॉल्किनवर खोटा खटला भरणार नाही. त्यांची गॅलाड्रिएल सामर्थ्यवान आहे. समोर आलेली अंगठी ती नाकारते. पण खरा प्रश्न एओविनचा आहे. ही राजाची भाची. आजारी राजाची सेवा तिने केली. युद्ध आले तेव्हा तिला सांगण्यात आले, तू मागे राहा. मरणाला ती भीत नाही, पिंजऱ्याला भिते. शेवटी पुरुषाचा वेश घेऊन ती रणात उतरते. शत्रूचा सेनापती पुरुषाच्या हातून मरणार नाही, असे भाकीत असते. मेरी या हॉबिटच्या मदतीने ती त्याला ठार करते. आणि पुढे? जखमी एओविन फारामिरच्या प्रेमात पडते, तलवार सोडते, लग्न करते.

तलवार सोडण्याबद्दल आमची तक्रार नाही. बुद्धाच्या वाटेने चालणाऱ्याची ती का असावी? टॉल्किन स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत होते, युद्धाचा वीट त्यांना खराच होता. पण त्याच कथेत सॅम नावाचा माळीही लढाईनंतर घरी जातो, लग्न करतो आणि सात वेळा नगराध्यक्ष होतो. माळ्याला सत्तेत वाटा मिळाला, याचा आम्हाला आनंदच आहे. एओविनला मात्र मान मिळतो तो फारामिरची पत्नी म्हणून. पिंजरा तिने बोलून दाखवला होता. त्याचे दार कोणी उघडले?

टॉल्किनच्या जगात झाडांसारखे एंट बोलतात, सभा भरवतात, युद्धाचा निर्णय घेतात. त्यांच्या बायका मात्र हरवल्या आहेत. त्यांना बागा आणि शेती प्रिय होती, म्हणून त्या दूर गेल्या, असे ट्रीबिअर्ड हा म्हातारा एंट सांगतो. त्या स्त्रियांची बाजू आपल्याला कधीच ऐकू येत नाही. न्यायालयाच्या भाषेत ही एकतर्फी साक्ष झाली. दुसरी बाजू न ऐकता निकाल देऊ नये, हे कायद्याचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

कोणी म्हणेल, कथा जुन्या काळची आहे. पण तो काळ लेखकानेच रचला ना? त्यासाठी भाषा, लिप्या, वंशावळी नव्याने घडवल्या. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला १९२० साली सुरुवात केली आणि टॉल्किन तिथे १९२५ साली प्राध्यापक झाले. शिकलेल्या स्त्रिया त्यांच्यासमोर होत्या. मात्र ज्या 'इंकलिंग्ज' मित्रमंडळात या कादंबरीची पाने वाचली गेली, ते मंडळ फक्त पुरुषांचे होते. एल्रॉन्डची सभा आम्हाला त्या मंडळासारखीच दिसते. झाडाला वाचा देणारी प्रतिभा शेवटी स्वतःच्या बैठकीच्या उंबरठ्यावर अडली.

ही चूक फक्त पुरुषांचीच असते असे नाही. उर्सुला ले ग्विन यांनीही १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये जादूची शाळा पुरुषांपुरतीच ठेवली होती. पण १९९० च्या 'तेहानू'त त्या त्याच जगात परतल्या आणि एका विधवेच्या व होरपळलेल्या मुलीच्या नजरेने त्याला प्रश्न विचारले. लेखकाने असेही स्वतःला तपासता येते.

समाजाची प्रगती त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायची, हे माप बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत दिले. कल्पनेतल्या समाजालाही आम्ही तेच माप लावतो. आणि पुस्तक मिटल्यावर आपल्या विहाराच्या, वाचनालयाच्या, पक्षाच्या बैठकीलाही लावतो. तिथे बोलणाऱ्या बाया किती? पुतणीने आम्हाला हाही प्रश्न विचारला. उत्तर देताना आमची मान खाली गेली. ती वर करायची असेल तर पुढच्या बैठकीत सतरंजी घालण्याचे काम आपण करू, अध्यक्षस्थान तिला देऊ.