एक प्रत, चौदा घरं आणि एक पीडीएफ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मी बराच भरकटलो होतो, ते इथे थोडं आवरलंय.

विषय आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला. गेल्या वर्षी मी भाचीसाठी 'पियूची वही' आणली. डॉ. संगीता बर्वे यांची ही मुलांची कादंबरी, लेखिका पुण्याच्याच. 2022 सालचा मराठीतला साहित्य अकादमी बालसाहित्य पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. हा पुरस्कार 2010 पासून दिला जातो. पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट असं त्याचं स्वरूप. एक मुलगी आपल्या वहीत रोजचं काहीबाही लिहिते, अशी साधी मांडणी आहे. भाची इंग्रजी माध्यमात शिकते, मराठी वाचायचं म्हटलं की तोंड वाकडं. हे मात्र तिने चार दिवसांत संपवलं आणि "मामा, हे आता खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला देऊ?" असं विचारलं. तिथून ते फिरायला लागलं.

पहिल्या दोन घरांनंतर पुस्तक गायब झालं. म्हणजे कुणी चोरलं नाही, फक्त कुणाकडे आहे हे कुणालाच आठवेना. आमच्या कामात याला पार साधं कारण असतं. वस्तूला मालक नाही, मुदत नाही आणि "मिळालं" अशी पोच नाही. शेवटी ते एका घरात इस्त्रीच्या कपड्यांखाली सापडलं. मग मी मागच्या पानाला एक चिठ्ठी चिकटवली, वाचनालयाच्या पुस्तकाला असायची तशी. नाव, मिळाल्याची तारीख, पुढे कुणाला दिलं. दहा दिवसांची मुदत. आणि पुस्तक दाराबाहेर ठेवून जायचं नाही, हातात द्यायचं. या शेवटच्या नियमामुळे मुलं एकमेकांच्या घरी जायला लागली, हे मी ठरवून केलं नव्हतं. एका मुलीने पुस्तक दीड महिना ठेवलं. विचारायला गेलो तर तिने स्वतःची वही काढली होती आणि ती भरेपर्यंत पुस्तक जवळ हवं म्हणाली. तिला मुदत माफ!

हे काही आमचं डोकं नाही. नाशिकला विनायक रानडे यांनी 2009 मध्ये कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी, साधारण पस्तीस वाचकांचा एक गट. काही महिन्यांनी गट आपसात पेट्या बदलतात, म्हणजे पुस्तकं कपाटात बसत नाहीत, फिरत राहतात. या पेट्या पार दुबईपर्यंत पोचल्या. तिकडे अमेरिकेत 2001 मध्ये 'बुकक्रॉसिंग' निघालं. पुस्तकाला एक क्रमांक द्यायचा, ते बाकावर किंवा स्टेशनवर सोडून द्यायचं, सापडेल त्याने साइटवर नोंद करायची. मला स्वतःला पेटीची पद्धत जास्त पटते. बाकावर सोडलेलं पुस्तक आपल्याकडे पहिल्या पावसात गेलं म्हणून समजा.

तर गाडी नीट चालली होती आणि एका संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पीडीएफ आली. बी विंगमधल्या काकांनी सगळी पानं मोबाईलने स्कॅन केली होती. खाली मेसेज : "सर्व बालगोपाळांसाठी. दहा-दहा दिवस थांबायची गरज नाही." भराभर अंगठे पडले. ग्रुपचा ॲडमिन मी. फाइल काढून टाकली आणि काकांना भेटायला गेलो.

काका चिडले होते. म्हणाले, "अरे, तू चौदा घरांत एकच प्रत फिरवतोस, तेव्हा लेखिकेला किती मिळालं? एका प्रतीचे पैसे. मी पीडीएफ टाकली तर काय वेगळं केलं?"

प्रश्न खरंच चांगला आहे, त्यामुळे नीट सांगतो.

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम 14 मध्ये लेखकाचे हक्क दिलेत. त्यातला एक हक्क म्हणजे प्रती लोकांपर्यंत आणणं, पण ज्या प्रती आधीच चलनात आल्यात त्या वगळून. म्हणजे दुकानातून एकदा विकली गेलेली ती विशिष्ट प्रत तुम्ही कुणालाही द्या, रद्दीत घाला, जुन्या बाजारात विका, लेखकाला विचारावं लागत नाही. दुसरा हक्क नवी प्रत काढण्याचा, तो मात्र लेखकाकडेच राहतो. पुस्तक दिलं की माझ्याकडून ते जातं. फाइल पाठवली की माझ्याकडे ती असतेच, वर चाळीस जणांकडे नवीन तयार होते. प्रोग्रॅमिंगवाल्यांना एका ओळीत कळेल : एक 'मूव्ह' आहे, दुसरं 'कॉपी'. (किंडलवर विकत घेतलेलं पुस्तक यात बसत नाही. तिथे हातात प्रत येत नाही, वाचायचा परवाना मिळतो.)

आणि सगळ्याच पीडीएफ वाईट, असंही नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' 2011 पासून सगळ्यांची झाली, ती खुशाल पाठवा. 'फास्टर फेणे'वाले भा. रा. भागवत 2001 मध्ये गेले, म्हणजे 2061 संपेपर्यंत थांबा. संगीताताई तर आज लिहीत आहेत.

पैशांचं म्हणाल तर काकांचं अर्धं बरोबर होतं. एक प्रत चौदा जणांनी वाचली की रॉयल्टी एकाचीच. पण एक प्रत एका वेळी एकाच घरात असते, आणि ज्याला ती सोडवत नाही तो स्वतःची घेतो. आमच्यातल्या चार घरांनी घेतली. मराठीत आवृत्ती बरेचदा हजारभर प्रतींची असते, तिथे चार प्रती मोजल्या जातात. फाइल मोबाईलमध्ये कायमची आहे म्हटल्यावर त्या चौघांनी दुकान गाठलं असतं का? मला नाही वाटत.

वेगाबद्दल मात्र काकांचं पूर्ण बरोबर होतं. चौदा घरं गुणिले दहा दिवस, म्हणजे जवळजवळ पाच महिने. तोवर शेवटच्या मुलाची सुट्टी संपते. यावर उपाय आमच्याच धंद्यातला निघाला, एका रांगेच्या तीन रांगा. वर्गणी काढून आणखी दोन प्रती आणल्या. तीन प्रती एकदम फिरल्या की पाच फेऱ्या, पन्नास दिवस.

हे सगळं ऐकून झाल्यावर काकू आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्याला खरं काय ते सांगा की." नातू सॅन होजेला असतो, नऊ वर्षांचा. मराठी बोलतो, वाचताना अडखळतो. त्याच्यासाठी काकांनी दोन रात्री बसून पानं स्कॅन केली होती. आमच्या साखळीत त्याचं घर नव्हतंच! मी कायदा सांगत बसलो होतो आणि हे विचारलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात ए विंगमधली एक ताई तिकडे चालली होती. चकलीच्या डब्याशेजारी तिसरी प्रत तिच्या बॅगेत गेली. चिठ्ठीवर काकांनी स्वतःच्या अक्षरात नातवाचं नाव घातलं. 'पुढे कुणाला दिलं' हा रकाना कोरा ठेवलाय, आणि त्या नावापुढे मुदत लिहिलेली नाही.