ढालकिड्याचे बारसे

राहात्याच्या पेरूच्या किंवा संगमनेरच्या डाळिंबाच्या बागेत पिठ्या ढेकूण पडला, की झाडाच्या बेचक्यांत आणि फळांच्या देठांशी कापूस चिकटवल्यासारखा दिसतो. ही कीड अंगावर मेणाचे आवरण घेऊन बसते, त्यामुळे फवारलेले औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. अशा वेळी जाणकार शेतकरी बागेत ‘क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी’ सोडतो. हा सुमारे चार मिलिमीटर लांबीचा ढालकिडा, म्हणजेच लेडीबर्ड बीटल. पाठ काळपट, डोके आणि पाठीचे टोक नारिंगी. प्रौढ किडा आणि त्याची अळी, दोघेही पिठ्या ढेकूण खातात.

एवढ्याशा किड्याला इतके अवघड नाव कशासाठी? वर्गात मुले हा प्रश्न हमखास विचारतात. ‘शास्त्रज्ञांनी ठेवले म्हणून’ असे उत्तर देऊन आपण सुटका करून घेतो. पण या नावामागे एक शिस्त आहे, आणि त्या शिस्तीवर शेतकऱ्याचे पीकही अवलंबून असते.

नावातली माहिती

या जातीचे वर्णन फ्रान्समधील लियों येथील एत्येन म्युल्साँ यांनी १८५३ साली प्रसिद्ध केले. ‘मॉन्ट्रोझायरी’ हा शब्द झाव्हिए मोंत्रुझिए या धर्मोपदेशकाच्या नावावरून आला. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटांवर राहून हा माणूस कीटक आणि वनस्पती गोळा करीत असे. किडा मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा. भारतात तो १८९८ साली कॉफीवरील खवले किडीसाठी आणला गेला. पुढे द्राक्ष, पेरू, सीताफळ अशा पिकांवरील पिठ्या ढेकणासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. प्रयोगशाळेत लाल भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढवतात आणि त्यावर या किड्यांची पैदास करतात.

नवी जात ठरते कशी?

‘नवी जात सापडली’ याचा अर्थ ती आज जन्मली असा नव्हे. ती लाखो वर्षे तेथेच असते. शास्त्राच्या दप्तरी तिची नोंद नसते, इतकेच.

समजा, एखाद्या बेटावरच्या जंगलात एक अनोळखी किडा मिळाला. पहिला प्रश्न : हा ढालकिडाच आहे का? म्युल्साँ यांनी या गटाला दिलेल्या नावाचा अर्थच ‘त्रिखंडी पायांचे, कुऱ्हाडीसारख्या स्पर्शकांचे’ असा होतो. तोंडाजवळच्या स्पर्शकाचे शेवटचे पेर कुऱ्हाडीच्या पात्यासारखे रुंद असते. पायाच्या पावलाला तीनच पेरे दिसतात. खरे म्हणजे ती चार असतात, पण तिसरे अगदी लहान असून दुसऱ्याच्या खोबणीत दडलेले असते.

दुसरा प्रश्न : याचे वर्णन पूर्वी कोणी केले आहे का? जगात ढालकिड्यांच्या सुमारे ६००० जाती नोंदलेल्या आहेत. जे. पूराणी यांनी २००२ साली भारतीय उपखंडातील ढालकिड्यांची यादी प्रसिद्ध केली, तीत सुमारे ४०० जाती आहेत. जवळच्या सर्व जातींची वर्णने वाचावी लागतात आणि संग्रहालयांतील मूळ नमुन्यांशी आपला नमुना ताडून पाहावा लागतो.

येथे पाठीवरचे ठिपके फसवतात. आपल्याकडे ज्वारीवर आणि कापसावर मावा खाणारा सहा ठिपक्यांचा ढालकिडा पाहा. काहींच्या पाठीवर नागमोडी रेघा, काहींवर ठिपके, तर काही जवळजवळ काळेच. जात मात्र एकच. याच्या उलट, दोन-तीन मिलिमीटरचे कित्येक तपकिरी किडे डोळ्यांना सारखेच दिसतात, पण जाती वेगळ्या. म्हणून अभ्यासक किड्याचे पोट सोडवून, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करून, नराचे जननेंद्रिय आणि मादीची शुक्रकोशिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. या अवयवांचा आकार बहुधा जातीगणिक ठरलेला असतो.

बेटांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. समुद्रामुळे बेटावरचे जीव मुख्य भूमीपासून तुटतात आणि काळाच्या ओघात वेगळे होत जातात. मग हा किडा नवी जात म्हणायचा, की मुख्य भूमीवरच्या जातीचेच बदललेले रूप? एका नमुन्यावरून हे सांगता येत नाही. अनेक नर, अनेक माद्या आणि शेजारच्या प्रदेशांतले नमुने हवेत. अंदमानातील ढालकिड्यांवर ए. पी. कपूर यांनी १९६० च्या दशकात सविस्तर निबंध लिहिला, तो अशाच तुलनेतून.

खात्री पटली की बारसे. वंश आणि जाती मिळून दोन शब्दांचे नाव, मोजमापे, आकृत्या, जवळच्या जातींपासूनचे फरक हे सारे छापून प्रसिद्ध करावे लागते. एक नमुना प्रमाण-नमुना, म्हणजे होलोटाइप, ठरवून संग्रहालयात ठेवतात. पुढे वाद झाला तर निवाडा त्या नमुन्यावरून होतो.

नावापुढे लेखकाचे नावही लिहितात. ‘क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी म्युल्साँ’ यात कंस नाही. पण ‘रोडोलिया कार्डिनॅलिस (म्युल्साँ)’ यात आहे. कंसाचा अर्थ असा की म्युल्साँ यांनी ही जात वेगळ्या वंशात घातली होती, नंतर वंश बदलला. हाच रोडोलिया १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेला गेला आणि तेथील संत्र्याच्या बागा त्याने वाचवल्या. त्याचे वर्णन म्युल्साँ यांनी १८५० सालीच करून ठेवले होते.

नावाने वाचलेली बेटे

१९९४ साली कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर एका पिठ्या ढेकणाने थैमान घातले. जास्वंदीपासून फळझाडांपर्यंत सगळे सुकू लागले. किडीची ओळख पटली : मॅकोनेलिकोकस हिरसुटस. ई. ई. ग्रीन यांनी १९०८ साली भारतातील नमुन्यांवरून वर्णिलेली, आपल्या द्राक्षबागांना छळणारी तीच कीड. नाव कळताच त्या जातीवर लिहिले गेलेले सारे हाती आले आणि तिचे शत्रू कोठे शोधायचे हेही कळले. १९९६ च्या सुमारास क्रिप्टोलिमस आणि ‘सिम्नस कॉक्सिव्होरा’ हा बारीक ढालकिडा असे दोन्ही भारतातून कॅरिबियन बेटांवर गेले. सिम्नसचे वर्णन टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांनी १९२५ साली केले होते. ढालकिड्यांबरोबर एका सूक्ष्म परजीवी कीटकाचाही मोठा वाटा होता. या सर्वांनी मिळून कीड आटोक्यात आणली.

ओळख चुकली तर याच्या नेमके उलटे घडते. क्रिप्टोलिमसच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणाचे तंतू असतात, त्यामुळे ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. कित्येकदा शेतकरी ‘कीड वाढली’ म्हणून औषध मारतो आणि पैसे देऊन आणलेला मित्रच मारला जातो. वांग्याच्या पानांची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा किडाही ढालकिडाच. त्याला मित्र समजून सांभाळले, तर वांगी गेलीच म्हणून समजा.

शाळेत काय करता येईल?

पिठ्या ढेकूण असलेली फांदी रुंद तोंडाच्या बरणीत ठेवून तोंडाला पातळ कापड बांधावे. पांढऱ्या जिवांना रंगाच्या ब्रशाने हळूच स्पर्श करावा. पिठ्या ढेकूण सुस्त असतो, अळी भराभर चालू लागते. अळी मिळाली तर तिचा कोष आणि प्रौढ होईपर्यंत रोजची नोंद ठेवावी. क्रिप्टोलिमस निघाला, तर पुढचे पाय पाहावेत : नराचे तपकिरी, मादीचे काळपट. नंतर किडे बागेत सोडून द्यावेत.

एखादा मेलेला नमुना काडेपेटीत ठेवला, तर सोबत गाव, तारीख, झाड, कोणत्या किडीवर मिळाला आणि कोणी गोळा केला, एवढे लिहिलेली चिठ्ठी हवीच. चिठ्ठीशिवायचा नमुना म्हणजे पत्ता नसलेले पत्र. जिल्ह्यातच राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. ओळख पटत नसेल तेव्हा तेथील कीटकशास्त्र विभागाला विचारावे. मोंत्रुझिए तरी काय करीत होते? एका दूरच्या बेटावर राहून किडे गोळा करीत होते. त्यांच्या नावाचा किडा आज आपल्या पेरूच्या बागेत काम करतो आहे.