पांढरी पाचची आखूड बासरी

वाद्यांच्या दुकानात पिकोलो मागितला, की समोर येतो तो चकचकीत कळांचा, ऑर्केस्ट्रातला. आयरिश लोकधुना वाजवणाऱ्याला तो नको असतो. त्याला हवा असतो सहा उघड्या भोकांचा लाकडी पिकोलो, फार तर एक-दोन साध्या कळांचा. बारामतीत काय, पुण्यात काय, असे वाद्य शोकेसमध्ये दिसणे कठीणच.

याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. म्युनिकचा सोनार आणि बासरीवादक थिओबाल्ड बोम याने १८३२ मध्ये आणि पुन्हा १८४७ मध्ये बासरीची रचनाच बदलून टाकली. मैफलीचे वादक हळूहळू नव्या कळांकडे वळले, जुन्या लाकडी बासऱ्या स्वस्त झाल्या आणि आयर्लंडच्या नाचगाण्यात रुळल्या. पिकोलो त्यांच्याहून एक सप्तक वर बोलतो. इंग्लंडमधल्या टाइनसाइडचे आयरिश वादक जॉन डूनन तो नाचाच्या स्पर्धांसाठी वाजवत. लाकडी फळ्यांवर बुटांचा खडखडाट चालू असताना ऐकू जायला एवढा टिपेचा सूर लागतोच.

हे गणित धनगरी पाव्याला नवे नाही. काटेवाडीत आषाढात तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, पुढे बेलवाडी आणि इंदापूरला गोल रिंगण. या सगळ्या पट्ट्यात धनगर वस्ती मोठी. गजी ढोल घुमू लागला की खर्जातली लांब बासरी त्यात बुडून जाते. आखूड पाव्याचा सूर मात्र वर निघतो. पन्नालाल घोषांनी सुमारे बत्तीस इंची बासरी शास्त्रीय मंचावर आणल्यापासून शिकणारे सगळे लांब बासरीमागे लागले आणि आखूड बासरी जत्रेतल्या पोरांच्या वाट्याला गेली. हे काही बरे झाले नाही.

पिकोलो मिळत नसेल, तर ही आखूड बासरीच घ्यावी. फक्त पट्टी नीट सांगायला हवी. आयरिश वादक सहाही भोके झाकून निघणाऱ्या सुरावरून वाद्याला ‘डी’ म्हणतो. आपल्याकडे वरची तीन भोके झाकली की सा, आणि सगळी झाकली की मंद्र पंचम. म्हणून डी पिकोलोची जोडीदार आपल्या दुकानात ‘जी’, म्हणजे पांढरी पाच. त्याच नावाची दुप्पट लांब बासरीही असते, तेव्हा लांबी सांगावी: फुंकीच्या भोकापासून टोकापर्यंत साधारण दहा इंच.

जत्रेत काठीला खोचलेल्या रंगीत बासऱ्यांत अशी एखादी सापडतेही, पण बऱ्याच तोंडात धरून फुंकायच्या, शिट्टीच्या असतात. बासऱ्यांसाठी नाव असलेले गाव म्हणजे उत्तर प्रदेशातले पिलिभीत. तिथला माल देशभर जातो.

घेताना आधी सहाही भोके झाकून हळू फुंकावे. खालचा सूर फुटत असेल तर एखादे बोट नीट बसलेले नाही किंवा बांबूला चीर आहे. मग तीच बोटे ठेवून जोरात फुंकावे. निघणारा सूर बरोबर सप्तकभर वर हवा. सरळ नळीत वरचे सप्तक उतरते. लाकडी पिकोलोची नळी टोकाकडे निमुळती करतात ती याचसाठी. मोबाइलवरचा ट्यूनर ४४० वर ठेवून हे दुकानातच तपासता येते. भोके इतकी जवळ असतात, की उसाची मोळी बांधणाऱ्या बोटांना ती अडचणीचीच. तिथे वाद्यापेक्षा बोटांचाच विचार आधी करावा.

परदेशातून जुना पिकोलो मागवणाऱ्याने एक प्रश्न विचारायलाच हवा: पट्टी कोणती? जुन्या इंग्लिश वाद्यांपैकी काही ४५२ च्या आसपास लावलेली असतात. ती हार्मोनियमशी कधीच जुळत नाहीत आणि चढी बासरी फार खाली आणता येत नाही. लाकडाला बारीक तडा आहे का, हेही डोक्याकडच्या भागाचा जवळून फोटो मागवून बघावे.

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात बांबू आणि लाकूड दोन्ही तडकतात. बासरीवरचे दोऱ्याचे वेढे शोभेसाठी नसतात, तेव्हा सैल झाले की पुन्हा घट्ट करून घ्यावेत. आतून अधूनमधून तेलाचा हात फिरवावा आणि बंद गाडीच्या डॅशबोर्डवर वाद्य कधीच ठेवू नये.